पायरी आत जाईना?

अमेरिकेत एमएस करणारा मित्र ग्रुपवर मोटारहोमचे फोटो टाकतो ना? त्यात दाराखालची पायरी बघा. दार उघडलं की बाहेर, लावलं की आत. एकदम फिल्मी! पण ती बाहेरच अडकली तर ट्रिपचे बारा वाजतात. तशीच गाडी हायवेला काढलीत तर कुणाला तरी लागणार.

लगेच ‘मोटर गेली’ म्हणून मोकळे होऊ नका. (गाडी भाड्याची असेल तर आधी मालकाला फोन!) मोटर 12 व्होल्टची, म्हणून आधी बॅटरी आणि फ्यूज बघा. मग दार उघडं ठेवून चौकटीतल्या स्विचजवळ लोहचुंबक न्या. पायरी आत गेली? म्हणजे दारावरचं चुंबक सरकलंय, बस्स. नाही हलली, तर अर्थिंगची वायर तपासा. पायरी चाकांच्या उंचीला, त्यात बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात, गंज चढणारच. पॉलिश पेपरनं घासून घट्ट आवळा. मोटरचा आवाज येतोय, पायरी ढिम्म? गिअर किंवा पिन झिजलीय. हात घालण्याआधी करंट मात्र तोडाच, बोटं सापडतात.

काहीच जमलं नाही तर पिन काढून पायरी आत ढकला, पट्ट्यानं करकचून बांधा आणि निघा. आई-बाबा सोबत असतील तर एक स्टूल तेवढं घ्या.