फुटलेली पानं
खेळातला न्याय : लेखांक ७

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे दुपारची जेवणं आटोपली, की ओटीवर सतरंजी पडायची आणि मेंढीकोटाचा डाव बसायचा. चौघे भिडू, दोन जोड्या आणि बंद हुकूम. हुकूम ठरवणारा आपल्या हातातलं एक पान काढून पालथं ठेवायचा. ते इस्पिक की बदाम, चौकट की किलवर, हे फक्त त्यालाच ठाऊक. कुणाकडे उतारीचं पान नसलं की तो म्हणायचा, “हुकूम उघडा.” पान उलटायचं, चौघांना एकाच क्षणी दिसायचं आणि डावाला रंग चढायचा.

एका दुपारी पाणी प्यायला उठलेल्या मावसभावानं परत बसताना ते पालथं पान हळूच वर करून पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पुढच्या दोन-तीन हातांत त्यानं ज्या बेतानं पानं टाकली, ती पाहून मामानं आपली पानं खाली ठेवली. “डाव मोडा. पुन्हा पिसा.” मावसभाऊ रडवेला झाला. “मी पान बदललं नाही, नुसतं बघितलं!” मामा म्हणाला, “बघितलंस ना? मग तेव्हाच सगळ्यांना दाखवायचं होतंस.”

गेल्या आठवड्यात आपण पंचाची चूक आणि पंचाचा पक्षपात यांतला फरक पाहिला. आजचा प्रश्न त्याच्या शेजारचाच आहे. जे पान अजून खेळात आलेलंच नाही, ते एखाद्यानं आधी पाहिलं, तर तो लबाडी करतो का? हा प्रश्न गेली पंधरा वर्षं वारंवार विचारला गेला आहे तो ट्रेडिंग कार्ड गेमच्या जगात, आणि त्याचं उत्तर मामाच्या त्या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं.

आधी हा खेळ समजून घेऊ. आपल्या पत्त्यांत पानं बावन्न. ती आजोबांच्या वेळी होती तीच आज आहेत. इथं तसं नाही. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञानं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं तो बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडू आपला गठ्ठा घरूनच बांधून आणतो. नेहमीच्या प्रकारात किमान साठ पानं, आणि मूळ जमिनीची पानं सोडली तर एकाच नावाची चारपेक्षा जास्त नाहीत. पानं बंद पाकिटांतून विकत मिळतात. वर्षातून अनेकदा नव्या पानांचा संच येतो, आणि प्रत्येक संचाबरोबर जुन्या पानांची किंमत बदलते. काल निरुपयोगी असलेलं पान आज एखाद्या नव्या पानाच्या जोडीनं डाव जिंकून देतं.

एक उदाहरण जवळून पाहू. २०१० साली ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ नावाचं एक पान आलं. या खेळात पान टेबलावर आणायला जमिनीच्या पानांतून मिळणारा ‘मॅना’ खर्च करावा लागतो, आणि साधारणपणे दर पाळीला एकेक मॅना वाढत जातो. स्टोनफोर्ज दोन मॅनांत म्हणजे दुसऱ्याच पाळीला उतरतो. उतरला की तो गठ्ठ्यातून कोणतंही एक शस्त्र शोधून हातात देतो, आणि पुढच्या पाळीला फक्त दोन मॅना घेऊन हातातलं शस्त्र थेट टेबलावर मांडतो. आता मे २०११च्या ‘न्यू फिरेक्सिया’ संचात ‘बॅटरस्कल’ हे शस्त्र आलं. त्याची रीतसर किंमत पाच मॅना. ते स्वतःचा पेलणारा बरोबर घेऊनच येतं, प्रतिस्पर्ध्याला चारचा दणका देतं आणि तितकंच बळ आपल्या खात्यात जमा करतं. पाचव्या पाळीला यायचं ते हत्यार स्टोनफोर्जमुळे तिसऱ्या पाळीला समोर उभं राहतं. अशा जोड्यांनी बांधलेला गठ्ठा इतका वरचढ ठरला, की त्याच जूनमध्ये कंपनीनं स्टोनफोर्जवर मुख्य स्पर्धाप्रकारात बंदी जाहीर केली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बॅटरस्कलचा मजकूर ज्याला मेऐवजी एप्रिलमध्ये वाचायला मिळाला, त्याला नुसती बातमी मिळाली नाही. त्याला सरावाचे दिवस मिळाले. वरच्या पातळीवर खेळणाऱ्याला त्याहून मोलाचं काही नसतं. शिवाय जुनी पानं बाजारात विकली-घेतली जातात. कोणतं पान महागणार हे ज्याला आधी कळतं, तो ते स्वस्तात उचलून ठेवतो. शेअर बाजारात आतल्या माहितीवर केलेल्या अशा खरेदीला आपल्याकडे सेबी गुन्हा मानते.

आणि एप्रिल २०११मध्ये नेमकं हेच घडलं. न्यू फिरेक्सियाच्या १७५ पानांची पूर्ण फाइल कंपनीनं आगाऊ परीक्षणासाठी छापील मासिकांना दिली होती. खेळाडू अशा फाइलला ‘गॉडबुक’ म्हणतात. एका फ्रेंच मासिकातून ती गियोम मातिन्यों याच्या हाती आली, कारण तो तिथं लिहीत असे. पण तो नुसता लेखक नव्हता. डिसेंबर २०१०मध्ये जपानच्या चिबा शहरात तो जगज्जेता झाला होता, आणि अंतिम सामन्यात त्यानं हरवलेला खेळाडूही त्याचाच देशबांधव होता, गियोम वाफो-तापा. मातिन्योंनं फाइल वाफो-तापाला दिली. तिथून ती आणखी दोघांकडे पोचली आणि मग बांध फुटला. अधिकृत झलका जेमतेम सुरू झाल्या होत्या, तोवर सगळा संच जगभर पसरला. कंपनीनं चौकशी केली, मातिन्योंवर तीन वर्षांची आणि इतर तिघांवर दीड-दीड वर्षाची बंदी घातली.

इथं आपण थोडं थांबायला हवं, कारण या एका घटनेत दोन वेगळे अपराध आहेत आणि चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात.

पहिला अपराध फाइल चौघांत होती तोवरचा. ती चार माणसं पाहू शकत होती ते बाकीच्या हजारो स्पर्धकांना दिसत नव्हतं. जूनमध्ये जपानच्या नागोयाला प्रो टूर, म्हणजे या खेळातली वरच्या पातळीची स्पर्धा, होती, आणि तिथं खेळायच्या प्रकारात न्यू फिरेक्सियाची पानं होती. बांध फुटला नसता, तर ही मंडळी सगळ्यांच्या आधीपासूनचा सराव घेऊन तिथं बसली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हा खेळाडूंविरुद्धचा अपराध. दुसरा अपराध फाइल जगभर पसरली त्या क्षणी सुरू झाला. कंपनीची आखलेली उत्सुकता गेली, कलावंत-लेखकांनी दोन-दोन वर्षं राबून रचलेली कथा विस्कळीत तुकड्यांत बाहेर आली. नुकसान खरं आहे आणि ते कमी लेखू नये. पण त्याच क्षणी पहिला अन्याय मात्र संपला! हुकमाचं पान सगळ्यांना दिसलं. नागोयाला पोचेपर्यंत प्रत्येकाला सारखाच वेळ मिळाला.

म्हणजे जे फुटणं मोठ्या आवाजात होतं, त्यानं कंपनी दुखावते. जे फुटणं मुकाट्यानं होतं, त्यानं खेळ दुखावतो. आपलं लक्ष मात्र आवाजाकडेच जातं.

२०२३चं प्रकरण याचा पुरावा आहे. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका यूट्यूबरच्या हाती ‘आफ्टरमाथ’ या पन्नास पानांच्या छोट्या संचाची खोकी विक्रीच्या तारखेआधीच पडली. त्यानं ती कॅमेऱ्यासमोर उघडली. कंपनीनं त्याच्या घरी पिंकर्टन या १८५०पासूनच्या खासगी गुप्तहेर संस्थेची माणसं पाठवली आणि खोकी परत घेतली. याआधी त्याला साधा फोन करून पाहायला काय हरकत होती, असं अनेकांनी विचारलं, आणि माझंही मत तेच आहे. पण आपल्या विषयापुरता मुद्दा असा, की स्पर्धेच्या न्यायाला त्यानं धक्का लावला नव्हता. त्यानं जे पाहिलं, ते त्याच तासाला सगळ्यांनी पाहिलं.

मग कुणी म्हणेल, सगळ्यांना सगळं सारखंच कळलं तर कौशल्य कुठं उरलं? फेब्रुवारी २०१६मध्ये अटलांटाला झालेली प्रो टूर याचं उत्तर देते. ‘ओथ ऑफ द गेटवॉच’ संचातली काही पानं आधीच फुटली होती, पण स्पर्धेच्या दोन आठवडे आधी संच रीतसर विक्रीला आला आणि प्रत्येक पान प्रत्येकाच्या समोर होतं. तरीही मोजक्या चमूंनीच एल्ड्राझी राक्षसांची नवी पानं जुन्या जमिनीच्या पानांशी जोडून पाहिली, दिवसरात्र तपासली आणि आपला शोध स्पर्धेच्या सकाळपर्यंत झाकून ठेवला. अंतिम आठांत सहा गठ्ठे एल्ड्राझीचे होते. हेही गुपितच होतं, पण त्यांनी स्वतःच्या कष्टानं कमावलेलं. ते झाकून ठेवायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पैलवान आपला डाव आखाड्याबाहेर सांगत फिरत नाही, त्यात लबाडी नाही. प्रतिस्पर्ध्याच्या आधी आखाड्याचं दार उघडून आत शिरणं ही लबाडी.

त्याच संचाच्या फुटण्यानं एक कटू प्रसंगही आणला. एका खासगी गटात फुटलेली चित्रं फिरली होती. ती पाहून कंपनीला न कळवल्याबद्दल २०१६च्या जानेवारीत काही पंचांना निलंबित केलं गेलं, आणि पंचांमध्ये मोठा असंतोष उसळला. त्यांचं दुःख मला समजतं. यातली बरीच माणसं खेळाच्या प्रेमापोटी शनिवार-रविवार उभी राहून काम करणारी. चित्र समोर आलं, यात त्यांचा दोष नव्हता. तरीही पंचाकडून एक जास्तीची अपेक्षा असतेच : कुणाला आधी कळलं आहे, हे ठाऊक असताना त्यानं गप्प बसू नये. शिक्षा किती असावी यावर वाद होऊ शकतो, कर्तव्यावर होऊ नये.

मग उपाय काय? दोन चांगले नमुने समोर आहेत. मार्च २०१८मध्ये ‘डॉमिनारिया’ संचाचे नियम-खुलासे कंपनीच्याच चुकीनं चिनी भाषेत वेळेआधी प्रसिद्ध झाले. पानांचा मजकूर त्यात होता. कंपनीनं लपवाछपवी केली नाही. संच यायला दीड महिना असतानाच इंग्रजी मजकूरही अधिकृतपणे सर्वांसाठी खुला केला. चिनी वाचणाऱ्यांना मिळालेली आघाडी तिथंच संपली. मामाचाच न्याय हा : एकानं पाहिलं, तर सगळ्यांना दाखवा. दुसरा नमुना पोकेमॉनच्या पानांचा. त्यांचे बहुतेक संच आधी जपानमध्ये येतात आणि काही आठवडे-महिन्यांनी इतर देशांत. जगातल्या खेळाडूंना पुढची पानं आधीच ठाऊक असतात आणि त्याला कुणी अन्याय म्हणत नाही, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक असतात.

माझं मत असं. ज्याला कामानिमित्त पानं आधी पाहावी लागतात, त्यानं तो संच खुला होईपर्यंत स्पर्धेत बसू नये. विझर्ड्सच्या कर्मचाऱ्यांना मोठ्या स्पर्धा खेळता येत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे. लेखक, अनुवादक, छापखान्यातला माणूस, सगळ्यांना तो लागू व्हावा. फुटलंच, तर संयोजकांनी तासाभरात सगळं खुलं करावं. आणि शिक्षा देताना पहिला प्रश्न ‘कंपनीचं किती नुकसान झालं’ हा नसावा, ‘यानं लपवून खेळायचं ठरवलं होतं का’ हा असावा. शिक्षा भोगलेल्याला परतीची वाटही असावी. वाफो-तापानं आपली बंदी पूर्ण केली, पुन्हा खेळला आणि २०१४ साली खेळाच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली. हे योग्यच झालं.

आपल्याकडे ‘पेपर फुटला’ म्हटलं की काळजात धस्स होतं, कारण रात्र-रात्र जागून अभ्यास केलेल्या पोराचा हक्क दुसऱ्या कुणी पैसे टाकून नेला, हे आपल्याला लगेच कळतं. पानांच्या खेळातही कुणीतरी असाच अभ्यास केलेला असतो. सुट्टीची नोकरी करून पानं जमवलेली असतात, दोनशे डाव मित्राबरोबर खेळून पाहिलेले असतात.

पुढच्या आठवड्यात बुद्धिबळातल्या तयारीच्या गुपितांकडे वळू. तोवर, घरात पोकेमॉनची किंवा मॅजिकची पानं जमवणारं मूल असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा : न आलेलं पान कुणी तुला गुपचूप दाखवलं, तर ते मनात ठेवून स्पर्धेला बसू नकोस. आधी पंचांना जाऊन सांग आणि मग खेळ.