इटालियनची पदवी कशासाठी?

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत इटालियनचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. भाषेचा गंधही नसलेल्यांना प्रवेश मिळतो आणि तिसरं वर्ष बहुधा इटलीत काढायचं असतं. नुसतं बोलता यावं एवढाच हेतू असता, तर हा खटाटोप वायफळ ठरला असता. पण या भाषेची घडणच वेगळी आहे. इटली १८६१ मध्ये एक राष्ट्र झालं, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ तुलिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के लोक इटालियन बोलत होते. बाकीचे आपापल्या प्रांतातल्या बोली. प्रमाणभाषेचा पाया होता दान्ते, पेत्रार्क, बोकाच्चो यांचं चौदाव्या शतकातलं लेखन. मिलानचा कादंबरीकार मान्झोनी याने तर आपली छापून झालेली कादंबरी फ्लोरेन्सच्या बोलीच्या वळणाने सुधारून १८४० पासून पुन्हा प्रसिद्ध केली. जी भाषा साहित्यातून घडली, तिचं व्याकरण संस्कृतीपासून वेगळं काढून शिकवणार तरी कसं?

नुसत्या या पदवीने पोट भरेल का, आणि भाषांतर तर यंत्रही करतं, हे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. इटलीबाहेर स्वित्झर्लंडसारख्या मोजक्याच ठिकाणी ही राजभाषा आहे. म्हणून तिला कलेतिहासाची, कायद्याची किंवा दुसऱ्या भाषेची जोड देणं शहाणपणाचं. यंत्र अर्थ सांगेल. पण इटालियन लेखक कामिल्लेरीच्या कादंबरीतलं पात्र मध्येच सिसिलियन बोलीकडे वळतं ते सलगीने की धाक घालायला, हे समजायला तो समाज ठाऊक लागतो. मराठीतही अशा वाचकाला काम आहे. सावरकरांनी १९०७ मध्ये इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचं लेखन पुस्तकरूपाने मराठीत आणलं, तेही इंग्रजीवरून. मूळ इटालियन वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाला ते पुस्तक मुळाशी ताडून पाहण्याचं काम आजही करता येईल.