रात्री दोनला जागा असलेला फोन

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीकडचा शेतकरी रात्री दोनला जागा असेल, तर त्याला झोप लागत नाही की कृषिपंपाची लाईट रात्रपाळीची आहे? फोनला यातलं काही कळत नाही. स्क्रीन उजळली, फोन हलला, एवढंच तो नोंदवतो. अशा नोंदींवरून मानसिक आजारांचा माग काढण्याच्या पद्धतीला ‘डिजिटल फिनोटायपिंग’ म्हणतात.

नैराश्यासाठी रक्ततपासणी नाही. गेल्या पंधरवड्यात कसं वाटलं, हे रुग्णाने आठवून सांगायचं. आणि आजारपणात नेमकी आठवणच दगा देते. फोन मात्र रोज टिपत असतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २८ जणांच्या जीपीएस नोंदी तपासल्या. नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्यांचा वावर मोजक्याच ठिकाणी होता, दिनक्रमही विस्कटलेला होता. २८ माणसं म्हणजे फार नव्हेत, पण दिशा मिळाली. पुढे बंगळुरूची निम्हान्स आणि भोपाळमधली ‘संगत’ संस्था यांनी बोस्टनच्या संशोधकांसोबत ‘माइंडलॅम्प’ ॲप वापरून पाहिलं. स्किझोफ्रेनिया उलटण्याआधी चाहूल लागते का, हा प्रश्न होता. यात माणसाची तुलना शेजाऱ्याशी नाही, त्याच्याच मागच्या महिन्यांशी होते.

मराठवाड्याला अशा साधनाची गरज आहेच. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. जालन्यापासून सगळीच लांब. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, पण तिथे फोन आपण करावा लागतो. मन खचलेला माणूस तेवढंच टाळतो.

तरी बोस्टनचं गणित मंठा-परतुरात जसंच्या तसं चालणार नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची टोळी निघाली की गाव बदलतं, पहाटेआधीच काम सुरू होतं, झोपेचं वेळापत्रक मोडतं. ॲपला हा आजार वाटेल. घरच्यांना तो हंगाम आहे हे ठाऊक असतं. म्हणून नोंदींसोबत ऊस, पाणी, लाईट यांचं वेळापत्रकही मशीनला द्यायला हवं, आणि ते सांगू शकते ती गावातली आशाताई. शेतकऱ्यांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात २०१५ पासून घरोघरी विचारपूस करण्याचं काम तिच्याकडेच आलं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर, गेलेल्या अनेक जोडप्यांत स्मार्टफोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. नोंदी त्याच्या होतात, संमतीही त्याचीच. बायकोची झोप, तिचं बोलणं कुठल्याच आलेखात येत नाही, आणि फडावर तिच्या ओळखीची आशाताईही नसते.