शिळ्या फायलींचा घोळ

आज्ञावलीतली चूक सापडली, ती दुरुस्त केली, पुन्हा चालवून पाहिली, तरी उत्तर चुकीचेच! अशा वेळी तुम्ही काय कराल? आज्ञावली पुन्हा वाचाल, आणखी एखादी ओळ बदलाल. पण चूक तिथे नसतेच मुळी.

'सी'सारख्या भाषेत आपण लिहितो ती मूळ फाईल. संगणकाला ती जशीच्या तशी कळत नाही. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून वेगळी फाईल बनवतो. अशा अनेक फायली जोडल्या की चालणारी आज्ञावली तयार होते. आता मूळ फाईल सुधारली आणि रूपांतर करायचे राहिले, तर जोडणीत शिळीच फाईल जाते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ अशीच निर्दोष आज्ञावलीतला दोष शोधण्यात गेली. ते तावातावाने स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. फेल्डमन आदल्याच संध्याकाळी त्याच त्रासातून गेले होते! त्यांनी शनिवार-रविवारात एक साधन लिहिले. तेच १९७६ चे 'मेक'.

त्याची युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक फाईलवर शेवटच्या बदलाची वेळ नोंदलेली असते. समजा, रूपांतर १०.०५ ला झाले आणि मूळ फाईल १०.२० ला बदलली. मूळ फाईल नंतरची, म्हणून 'मेक' तेवढ्याच फाईलचे रूपांतर पुन्हा करते. सगळ्याच फायलींचे का नाही? मोठ्या प्रकल्पात हजारो फायली असतात, दरवेळी तासन्‌तास कोण थांबणार!

मात्र कोणती फाईल कशावर अवलंबून आहे, हे 'मेक'ला सांगावे लागते. एखादा दुवा सांगायचा राहिला, किंवा संगणकाचे घड्याळच मागे असले, तर शिळी फाईल ताजी ठरते. म्हणून अनुभवी मंडळी संशय येताच सर्व रूपांतरित फायली पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. मला तर हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

'पायथॉन'मध्ये तर भुताटकीच होती. जुन्या आवृत्त्यांत मूळ फाईल पुसली, तरी शेजारी उरलेली तिची रूपांतरित फाईल खुशाल वापरली जाई. २०११ च्या ३.२ आवृत्तीपासून या फायली वेगळ्या कप्प्यात जाऊ लागल्या आणि मूळ फाईल नसेल तर कप्प्यातली वापरणे थांबले. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत वेळेऐवजी मजकुरावरून काढलेली संख्या ताडून पाहण्याची सोयही आली. मजकुरातले एक अक्षर बदलले, तरी ती संख्या बदलते. घड्याळ काहीही दाखवो.