पोटातलं वासरू हिशेबात कधी आलं?

२०२४च्या फेब्रुवारीअखेर टेक्सासच्या उत्तर टोकाला 'स्मोकहाउस क्रीक' वणवा पेटला आणि १० लाख एकरांहून जास्त माळ जळाला. हेम्पहिल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कुरणं गेली, कुंपणं गेली, गायी गेल्या.

केंद्र सरकारची मदत मिळते ती मेलेल्या जनावराच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के. कुंपणासाठी वेगळी योजना आहे. पण जनावर वणव्यातच मेलं, हे दाखवावं लागतं: फोटो, पशुवैद्यांचा दाखला, खरेदीच्या जुन्या पावत्या. ज्या गायी स्वतः वाढवल्या त्या पुरण्याआधी राखेत फिरून एकेकीचा फोटो काढायचा, या कल्पनेनेच गलबलून येतं.

त्यात हा विण्याचा हंगाम. गाभण गाय मेली तरी भरपाई एकाच जनावराची. पोटातलं वासरू मोजलंच जात नव्हतं. पशुपालकाचं तर पुढच्या वर्षाचं उत्पन्नच त्या वासरात असतं. नियमातली ही उणीव मला सर्वांत अन्यायाची वाटत होती. जुलै २०२५च्या कायद्याने ती भरून काढली आणि न जन्मलेल्या वासरांचीही भरपाई सुरू झाली, तीही १ जानेवारी २०२४पासूनच्या नुकसानीला धरून. म्हणजे या वणव्यातल्या गाभण गायीही त्यात आल्या.