निसणा सपाट कसा करावा

कलमें बांधण्याचा हंगाम जवळ आला कीं काडीची निवड, खुंटाची जाडी, पट्टीची बांधणी ह्यांविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु ज्या निसण्यावर चाकूला धार लागते त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक पाचर कलमांत खुंटाचा व काडीचा सालीखालील वाढीचा थर एकमेकांस भिडला तरच कलम जीव धरतें. काप फुगीर किंवा खोलगट झाल्यास मध्यें फट राहते, काडी सुकते, आणि दोष मात्र हवेला किंवा कलम बांधणाऱ्या गड्याला दिला जातो.

कलमाचा चाकू बहुधा एकाच अंगानें उतरता असतो; दुसरें अंग सपाट असावें लागतें. निसणा मात्र वर्षानुवर्षें मध्यावरच घांसला जाऊन होडीसारखा खोल होतो, आणि त्यावर टेकविलेलें सपाट अंगही हळूहळू गोलावतें. विळ्याकोयत्याचें ह्यानें फारसें बिघडत नाहीं. चाकू, पटाशी व रंध्याचें पातें ह्यांचें बिघडतें.

उपाय सोपा आहे. बाजारांत पाण्यांत चालणारा काळा पॉलिश कागद मिळतो. त्यावरील कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हा पदार्थ अमेरिकेंत ॲचेसन ह्यांस १८९१ सालीं साधला व त्यांनींच त्यास कार्बोरंडम हें नांव दिलें. कठिणतेच्या मापांत गारगोटी ७ वर, तर हा ९ च्याही वर. म्हणून तो नैसर्गिक दगड सहज कापतो. निसणाच कार्बोरंडमचा असेल तर कागद लवकर बोथट होतो, सबब दोन-चार ताव जास्त आणावे.

कागदाखालीं जाड कांच किंवा ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला तुकडा घ्यावा. लाकडी फळी घेऊं नये. ती पाण्यानें वाकते व तोच वांक दगडांत उतरतो. कांच ओली करून कागद पसरला म्हणजे तो चिकटून बसतो. तेल प्यालेला निसणा आधीं सोड्याच्या ऊन पाण्यानें धुवावा, नाहींतर कागद चोंदतो.

मग दगडावर शिसपेन्सिलीनें चौकटी आंखाव्या. फार खोल दगडास ८० किंवा १२० नंबरचा कागद, नंतर २२० चा. बारीक धारेच्या दगडास शेवटीं ४०० चा. पाणी घालीत, हलक्या व सारख्या दाबानें घांसावें, आणि मधून मधून दगडाचें तोंड फिरवावें. नाहींतर ज्या टोंकावर हाताचा जोर पडतो तेंच अधिक झिजतें. कोरडें मात्र कधींही घांसूं नये. ती धूळ छातीस वाईट. मधल्या रेघा शेवटीं पुसल्या जातात. त्या पुसल्यावर पोलादी पट्टी उभी, आडवी व तिरपी धरून उजेडाकडे पाहावें. डोळ्यास सपाट दिसणें व खरोखर सपाट असणें ह्यांत, सातबाऱ्यावरील पीक व वावरांतील पीक ह्यांत कधीं कधीं आढळतो तेवढा फरक असतो!

कांहीं लोक दोन निसणे एकमेकांवर घांसतात. त्यानें दोन्ही बरोबर बसतात खरे, पण एक फुगीर व दुसरा खोल असा मेळही जमूं शकतो. तीन दगड आळीपाळीनें घांसले तरच ती खोड जाते.

सपाट झालेल्या दगडाच्या कडा किंचित मोडाव्या, म्हणजे कपचे उडत नाहींत. पुढें धार लावतांना टोंकापासून टोंकापर्यंत सगळा दगड वापरावा.