पंपातली ऊब, घाटातला पाऊस

सायकलच्या टायरमध्ये हवा भरून झाली की पंपाचं बूड हाताला चांगलंच गरम लागतं. आतला वॉशर नळीला घासतो म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. थोडी उष्णता त्यातून येतेही. पण पंप टायरला न जोडता दांडा तितक्याच वेळा खालीवर करून पाहावा. वॉशर तेव्हाही घासतो, तरी पंप फारसा तापत नाही.

खरं कारण हवा दाबली जाण्यात आहे. हवेचे रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावत असतात. स्थिर धरलेल्या बॅटवरून चेंडू आला त्याहून वेगाने परतत नाही. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळला तर सुसाट सुटतो. खाली येणारा दट्ट्या म्हणजे रेणूंच्या दृष्टीने पुढे येणारी बॅट. त्यांचा वेग वाढला, म्हणजेच हवा तापली. दट्ट्या मागे सरला की रेणू मंदावतात, हवा गार होते. त्यासाठी ना आग लागते, ना बर्फ.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वी करून दाखवलेलं इंजिन याच गुणावर चालतं. आजच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्यात इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. ठिणगी पाडणारा प्लग लागतच नाही.

असं इंजिन असलेली एसटी पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागते, तेव्हा कोकणातली हवाही तिच्यासोबत सह्याद्री चढत असते. फरक इतकाच, की इंजिनात हवा आक्रसते आणि बाहेर ती पसरत जाते. उंचावर भोवतालचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते. फुगताना ती आजूबाजूच्या हवेला रेटते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी थंडावते. समुद्रावरून आलेल्या दमट हवेला एवढा गारवा पुष्कळ झाला. लवकरच तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. थेंब होताना वाफ साठवलेली उष्णता सोडते, त्यामुळे पुढचं थंडावणं मंदावतं. पण ढग बनलेला असतो. साधारण १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तो असा.

तिथून वाई रस्त्याने जेमतेम ३० किलोमीटर. पाऊस मात्र महाबळेश्वरच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. बराचसा ओलावा घाटमाथ्यावर रिता करून हवा पूर्वेकडे उतरते, तेव्हा वाढत्या दाबाखाली पुन्हा आक्रसते. म्हणजे सायकलच्या पंपात घडतं तेच, फक्त इथे दट्ट्या नाही, वरच्या हवेचा भार आहे. ती तापते आणि ढगांतले उरलेसुरले थेंब त्या उबेत विरतात. पोलादपुरात छत्री उघडून बसमध्ये चढलेला प्रवासी पसरणीचा घाट उतरून वाईच्या स्टँडवर पोचतो, तेव्हा पुष्कळदा ती मिटलेलीच राहते.